धर्माच्या गाईचे दात मोजायलाच हवेत

५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीतील एका समारंभात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी सात इंची पडद्याच्या एका टॅबलेट संगणकाचे अनावरण केले. त्याचे नाव होते ‘आकाश’. जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट अशी त्याची ओळख करून देण्यात आली. सरकार तो सुमारे २,३०० रुपयांना विकत घेणार होते आणि अनुदान वजा जाता विद्यार्थ्याला तो त्याहूनही कमी किमतीत मिळणार होता. त्याच वर्षी जानेवारीत भारतात विक्रीस आलेल्या आयपॅडची किंमत २७,९०० रुपयांपासून सुरू होत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या दिवशी सभागृहात आणि वृत्तपत्रांत झालेल्या कौतुकाचे कारण समजते.

‘आकाश’ आज कोणाच्याही दप्तरात नाही. २०१५ मध्ये हा प्रकल्प बंद झाला. विज्ञानविषयक चर्चांमध्ये त्याचा उल्लेख निघाला, की दोन ठरावीक निकाल ऐकू येतात. ‘एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार होते?’ हा पहिला. ‘कल्पना उत्तम होती, अंमलबजावणी फसली’ हा दुसरा. दोन्ही निकाल सोयीचे आहेत, कारण त्यांत कोणालाही जाब विचारावा लागत नाही. वस्तुस्थिती अधिक साधी आणि अधिक गंभीर आहे. ‘आकाश’ तयार नव्हता. तो तयार नसताना तयार असल्याचे व्यासपीठावरून सांगण्यात आले आणि विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आला. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण अशाच प्रसंगांसाठी आहे. फरक इतकाच की येथे बाशिंग सरकारने बांधले आणि फजिती विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली.

त्या उपकरणाच्या पोटात काय होते ते आधी पाहिले पाहिजे. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम, २ गिगाबाइट अंतर्गत साठवण, अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती आणि २,१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी. इंटरनेटसाठी केवळ वाय-फाय. सिमकार्डाची सोय विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्तीत नव्हती. पडदा ‘रेझिस्टिव्ह’ प्रकारचा होता. अशा पडद्यात किंचित अंतर ठेवून बसवलेले दोन वाहक थर असतात. बोटाने दाब दिला की वरचा थर खालच्या थराला टेकतो आणि तेथील विद्युतदाबावरून स्पर्शाचे ठिकाण ठरते. म्हणजे नुसते बोट टेकवून भागत नाही, ते दाबावे लागते. ‘कपॅसिटिव्ह’ पडद्यात बोटाच्या सान्निध्याने विद्युतक्षेत्रात पडणारा फरक मोजला जातो, त्यामुळे हलका स्पर्श पुरतो आणि दोन बोटांनी चित्र लहानमोठेही करता येते. पहिला पडदा स्वस्त, दुसरा त्या काळी महाग. किंमत आधी ठरल्यामुळे पहिल्याची निवड झाली.

यांतील एकही गोष्ट स्वतंत्रपणे लज्जास्पद नाही. कमी वेगाचा प्रोसेसर घेऊनही उपयुक्त यंत्र तयार करता येते, त्या वेगाला झेपेल अशीच कामे त्याला दिली तर. रेझिस्टिव्ह पडदा अनेक कारखान्यांत आणि दुकानांतील यंत्रांवर वर्षानुवर्षे चालला आहे. प्रश्न या सर्व तडजोडी एकत्र आल्यावर काय होते याचा होता. पडदा दाबावा लागतो, दाबल्यावर यंत्र उशिरा प्रतिसाद देते, म्हणून वापरणारा पुन्हा दाबतो, मग दोन आज्ञा एकदम पोहोचतात आणि यंत्र अडकते. बॅटरी दोनतीन तासांत संपते. महाविद्यालयाचा दिवस मात्र त्याच्या दुप्पट असतो. व्याख्यानाची चित्रफीत उतरवून घ्यावी तर वाय-फाय हवे, आणि २०११ मध्ये जिल्ह्याच्या गावातील किती महाविद्यालयांत ते होते? शिवाय अँड्रॉइडच्या त्या मूळ आवृत्तीत देवनागरीसारख्या भारतीय लिपींना पुरेसा आधार नव्हता. अक्षरे नीट उमटण्यासाठी निर्मात्याला वेगळे काम करावे लागे. ज्या देशात बहुसंख्य मुले आपापल्या भाषेत शिकतात, त्या देशाच्या शैक्षणिक उपकरणाची पहिली कसोटी लिपीची असायला हवी होती. कौतुकाचा विषय मात्र किमतीचा आकडा झाला.

मंद वेग, लवकर संपणारी बॅटरी आणि हट्टी पडदा या तक्रारी अनावरणानंतर लगेच पुढे आल्या. त्या शोधण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. शंभर विद्यार्थ्यांना महिनाभर उपकरण वापरायला दिले असते, तरी त्या समोर आल्या असत्या. असा महिना अनावरणाच्या आधी मिळाला असता, तर त्या दुरुस्तीच्या नोंदी ठरल्या असत्या. अनावरणानंतर मिळाल्यामुळे त्या बदनामी ठरल्या.

यापुढची घटना सर्वांत बोलकी आहे. ‘आकाश’ची खरेदी आणि चाचणी यांची जबाबदारी आयआयटी राजस्थानकडे होती. ही संस्था २००८ मध्ये स्थापन झालेली. तिचे पहिले वर्ग कानपूरला भरले आणि नंतर ती जोधपूरच्या तात्पुरत्या जागेत आली. या कामासाठी मंत्रालयाने तिला ४७.७२ कोटी रुपये मंजूर केले. उपकरण पुरवणारी कंपनी डेटाविंड. मागणी एक लाख नगांची. सुमारे दहा हजार नग पोहोचले आणि वाद पेटला. उपकरण मुसळधार पावसात टिकले पाहिजे, पडले तरी चालले पाहिजे, असे निकष संस्थेने पुढे केल्याचे आणि हे निकष लष्करी उपकरणांचे असून करारात नव्हते असे कंपनीने म्हटल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. पुरवठा थांबला, देयके अडकली आणि २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे सोपवावा लागला. पुढे २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने आयआयटी राजस्थानच्या निवडीवरच ताशेरे ओढले.

या वादात कोणाची बाजू खरी होती, यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च झाली. पण क्षणभर दोन्ही बाजू खऱ्या मानल्या तर काय दिसते? विद्यार्थ्याचे उपकरण पावसात भिजणार, बाकावरून पडणार, उन्हात तापणार, हे संस्थेचे म्हणणे योग्यच होते. जी अट करारात नव्हती तिची पूर्तता त्याच किमतीत मागता येत नाही, हे कंपनीचे म्हणणेही योग्यच होते. दोघेही बरोबर असू शकतात याचा अर्थ एवढाच, की ‘चांगला टॅबलेट’ म्हणजे नेमके काय, हे अनावरणाच्या दिवशी कोणीही लिहून ठेवलेले नव्हते किंवा दोघांनी मिळून मान्य केलेले नव्हते. परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम ठरवण्याचा हा प्रकार होता. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पात असा क्रम लावला तर त्याचे गुण कापले जातात.

हे प्रथमच घडले असते तर अननुभव म्हणून सोडून देता आले असते. परंतु फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे याच मंत्रालयाने ‘दहा डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेले उपकरण सादर केले होते. तो लॅपटॉप नव्हताच, माहिती साठवण्याचे एक साधन होते, हे लवकरच स्पष्ट झाले आणि देशाचे हसे झाले. जुलै २०१० मध्ये ३५ डॉलरच्या टॅबलेटचा नमुना दाखवण्यात आला. नमुना आणि उत्पादन यांत काय अंतर असते, हे अभियंत्यांना सांगावे लागत नाही. एक नग हाताने जुळवून चालवणे वेगळे आणि एक लाख नग सारख्याच दर्जाने तयार करणे वेगळे. पण ३५ हा आकडा एकदा जाहीर झाला आणि तोच प्रकल्पाचा ध्येयमंत्र बनला. उपकरणाने काय करावे हे ठरवून मग किंमत काढायची, हा नेहमीचा क्रम. येथे किंमत आधी, तारीख त्यानंतर आणि उपकरण सर्वांत शेवटी. आधी कळस, मग पाया.

याहून खेदाची गोष्ट म्हणजे योग्य प्रश्न कोणता, हे मंत्रालयाला ठाऊक होते. निकोलस निग्रोपोन्टी यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही शंभर डॉलरच्या संगणकाची योजना जगापुढे मांडली, तेव्हा २००६ मध्ये भारताच्या याच मंत्रालयाने ती नाकारली. तिच्या शैक्षणिक उपयुक्ततेविषयी शंका घेतली गेली आणि शाळा व शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे असे सांगितले गेले. ती शंका रास्त होती. पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लॅपटॉपमुळे गणित वा भाषेच्या गुणांत वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. जो प्रश्न दुसऱ्याच्या यंत्राला विचारला, तो स्वतःच्या यंत्राला का विचारला नाही? परक्याच्या मालावर चिकित्सा आणि स्वतःच्या मालावर अभिमान, याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणत नाहीत.

‘आकाश’च्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

पहिला युक्तिवाद असा की, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मिळाले ते कमी काय? ‘धर्माचे गायी, आणि दात कां गे नाही’ अशी जुनी म्हण आहेच. दान मिळालेल्या गाईची चिकित्सा करू नये, असा तिचा उपदेश. पण सरकारी टॅबलेट ही धर्माची गाय नव्हे. ती करदात्यांच्या पैशांतून घेतलेली गाय आहे आणि ज्याला ती मिळते त्याचे आईवडीलही काडेपेटीपासून मिठाच्या वाहतुकीपर्यंत कुठे ना कुठे कर भरत असतात. शिवाय ‘काहीच नाही’ याची तुलना नेहमी चुकीच्या गोष्टीशी केली जाते. त्या पैशांत ग्रंथालय, संगणककक्ष किंवा बाजारातील सिद्ध झालेले यंत्र येऊ शकत होते. सप्टेंबर २०११ मध्ये, ‘आकाश’च्या अनावरणापूर्वी काही दिवस, तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्याची योजना सुरू केली. तेथे जागतिक विक्रमाची घोषणा नव्हती. प्रचलित बनावटीची यंत्रे निविदा काढून घेतली गेली. त्या योजनेवरही टीका करता येते, परंतु विद्यार्थ्याच्या हाती पडले ते चालणारे संगणक होते.

दुसरा युक्तिवाद असा की, कोणत्याही तंत्रज्ञानाची पहिली आवृत्ती ओबडधोबडच असते. हे खरे आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि अभियंते यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस कल्पिलेला ‘सिम्प्युटर’ही बाजारात टिकला नाही. परंतु स्वस्त यंत्र भारतीय भाषांत कसे बोलेल, निरक्षर माणूस ते कसे वापरेल, असे प्रश्न त्याने मुळापासून विचारले होते. त्याच्या अपयशातूनही शिकता आले. ओबडधोबड पहिली आवृत्ती हे पाप नाही. ती ‘पहिली आवृत्ती’ आहे हे लपवणे हे पाप आहे. पहिल्या खेपेच्या विद्यार्थ्यांना ‘तुम्ही चाचणीत सहभागी आहात, दोष शोधा आणि कळवा’ असे सांगून त्यांच्या तक्रारींना प्रयोगाच्या नोंदींचा मान दिला असता, तर तेच विद्यार्थी देशाचे सर्वांत मोठे चाचणीपथक ठरले असते. त्यांना लाभार्थी म्हटले गेले. लाभार्थ्याने तक्रार करायची नसते, आभार मानायचे असतात.

तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. ‘आकाश’मुळे बाजारात स्वस्त टॅबलेटची चर्चा सुरू झाली, इतर कंपन्या पुढे आल्या आणि किमती उतरल्या, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. एप्रिल २०१२ मध्येच एका भारतीय कंपनीचा कपॅसिटिव्ह पडद्याचा आणि अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीचा टॅबलेट ६,४९९ रुपयांना आला. तो ‘आकाश’च्या जवळजवळ तिप्पट किमतीचा होता, पण वापरण्याजोगा होता. सुटे भाग जगभर स्वस्त होत होते, तो त्याचा मोठा हिस्सा. म्हणजे थोडा धीर धरला असता तर काळच मंत्रालयाच्या बाजूने होता. वर्षभरात मिळू शकणाऱ्या चांगल्या यंत्राऐवजी आजचे कच्चे यंत्र घाईने पुढे करण्याचे समर्थन या युक्तिवादाने होत नाही, उलट त्याची निरर्थकता उघड होते.

‘आकाश-२’ने हेच सिद्ध केले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षणदिनी, तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तो सादर झाला. एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम, कपॅसिटिव्ह पडदा. सरकारला पडलेली किंमत २,२६३ रुपये आणि विद्यार्थ्यासाठी १,१३० रुपये. अवघ्या तेरा महिन्यांत, जवळपास त्याच किमतीत, कितीतरी सरस यंत्र. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली शिक्षकांची प्रशिक्षणे झाली आणि विद्यार्थ्यांकडून उपयोजने लिहून घेतली गेली. शिक्षकापासून सुरुवात करण्याचा हा मार्ग योग्य होता. तरीही घाईने येथेही पाठ सोडली नाही. पहिल्या तुकडीचे संच चीनमध्ये तयार झाल्याचे उघडकीस आले आणि वेळ वाचवण्यासाठी तसे केल्याचे स्पष्टीकरण कंपनीकडून आले. चिनी सुटे भाग वापरणे हा गुन्हा नाही. जगातील बहुतेक यंत्रांत ते असतात. पण ‘भारतीय’ म्हणून मिरवलेल्या यंत्राबाबत हे आधी सांगितले असते तर वाद झाला नसता. तोवर पहिल्या ‘आकाश’ने विश्वासाची सर्व शिल्लक खर्च करून टाकली होती. २०१३ मध्ये नवे मंत्री पल्लम राजू यांनी यंत्राच्या मागे फार लागू नये अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हाच या प्रकल्पाचे भवितव्य कळून चुकले होते. चांगले यंत्र आले तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारे कोणी उरले नव्हते.

भारतीय शासनव्यवस्थेला थांबता येतच नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने १५ जुलै २०१९ ची पहाट आठवावी. श्रीहरिकोट्याला चंद्रयान-२ घेऊन प्रक्षेपक सज्ज होता. तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद उड्डाण पाहण्यासाठी स्वतः उपस्थित होते. देश जागा होता. उड्डाणाला ५६ मिनिटे उरली असताना तांत्रिक दोष आढळला आणि उलटमोजणी थांबवण्यात आली. पाहुणे परतले. दोष दूर झाला आणि २२ जुलैला यान झेपावले. त्या निर्णयाबद्दल इस्रोची प्रतिष्ठा कमी झाली नाही, वाढली.

मग प्रक्षेपकासाठी जे शक्य झाले ते टॅबलेटसाठी का होऊ नये? उत्तर अप्रिय आहे. प्रक्षेपक कोसळला तर तो सर्वांसमोर कोसळतो. टॅबलेट कोसळतो तो एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत, एकट्या मुलीच्या हातात, आणि त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय सुखवस्तू घरातील मुलगा खराब यंत्र बाजूला टाकून दुसरे घेतो; त्याला यंत्राचा दोष ओळखता येतो, कारण त्याने चांगले यंत्र पाहिलेले असते. ज्या मुलीच्या आयुष्यातील तो पहिलाच संगणक आहे, तिच्याकडे तुलनेसाठी काही नसते. पडदा प्रतिसाद देत नाही तेव्हा आपलेच काही चुकते आहे, असे तिला वाटते. संगणक ही आपल्यासारख्यांची गोष्ट नव्हे, हा धडा ती त्या यंत्राकडून शिकते. अर्धवट यंत्राची खरी किंमत ही आहे आणि ती कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

हा विषय जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. राज्य सरकारे आजही टॅबलेट वाटतात, शिक्षणाची उपयोजने आजही समारंभपूर्वक सुरू होतात आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षकही येऊ घातले आहेत. विक्रीला येणाऱ्या टॅबलेटसाठी सुरक्षाविषयक सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने आली, ही चांगली गोष्ट. पण यंत्र झटका देत नाही एवढ्यावर ते शिकवण्यास योग्य ठरत नाही.

म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणि वाचकांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशांतून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक उपकरणाचे निकष निविदेपूर्वी जाहीर व्हावेत: बॅटरी किती तास, कोणत्या लिपी, किती उंचीवरून पडले तरी चालेल, बिघडल्यास दुरुस्ती कुठे आणि किती दिवसांत. त्या निकषांवर खऱ्या वर्गांत, खऱ्या विद्यार्थ्यांकडून आणि निर्मात्याहून स्वतंत्र अशा संस्थेकडून चाचणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष, अपयशासह, प्रसिद्ध व्हावेत. आणि अनावरणाची तारीख या निष्कर्षांनंतर ठरावी. यांत खर्च फारसा नाही. एका समारंभाचा मोह तेवढा सोडावा लागतो.

गाय दान म्हणून आली असो वा अनुदानातून, तिचे दूध ज्याला प्यायचे आहे त्याला तिचे दात मोजण्याचा अधिकार आहे. तो अधिकार मागणाऱ्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी श्रीहरिकोट्याची ती थांबलेली उलटमोजणी लक्षात ठेवावी.